वर्ल्ड्सला जायचंय? मग आधी सगळ्यांचे पासपोर्ट काढा

२०२२ च्या ऑगस्टमध्ये आमच्या डिबेट क्लबने माद्रिदच्या वर्ल्ड्ससाठी, म्हणजे जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेसाठी, चाचण्या घेतल्या. सांगोला तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला एक मुलगा पहिला आला. मी तिसरी. संघ दोघांचा असतो, त्यामुळे मी पुण्यातच राहणार हे ठरलेलं होतं. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. "काढू की, चार महिने आहेत," असं आम्ही सगळेच म्हणालो. मग कळलं की वडिलांचं नाव गुणपत्रिकेवर दत्तात्रय आणि आधारवर दत्तात्रेय आहे, आणि जन्मतारखेत एका दिवसाचा फरक आहे. दुरुस्त्या होईतो ऑक्टोबर संपला. त्याच्या जागी मी गेले. आम्हाला सोडायला तो रात्रीच्या बसने मुंबईपर्यंत आला होता.

पुढे दोन वर्षं मी क्लबची खजिनदार होते. खाली लिहिलंय ते त्या दोन वर्षांतल्या दोनशे पानी वहीतून. पहिल्यांदाच बाहेर निघालेल्या, पाठीशी मोठं नाव किंवा जुना निधी नसलेल्या कॉलेजच्या संघासाठी.

पासपोर्ट

निवडचाचणीची वाट पाहू नका. क्लबमध्ये आलेल्या प्रत्येक प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला जुलैतच अर्ज करायला लावा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये आहे, तत्काळला वर २००० लागतात. ज्याला दीड हजार जड जातात त्याचे क्लबने भरावेत. स्पर्धेच्या एका नोंदणीच्या तुलनेत ही रक्कम काहीच नाही, आणि एवढ्यासाठी कुणी मागे राहावं हे मला सहन होत नाही.

अर्जाआधी चार कागद शेजारी शेजारी ठेवा: दहावीची गुणपत्रिका, आधार, पॅन, जन्मदाखला. एकेक अक्षर ताडून पाहा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं असा क्रम असतो. पासपोर्टवर आडनावाची ओळ वेगळी आणि दिलेल्या नावाची वेगळी. त्या दिलेल्या नावात वडिलांचं नाव घातलंत, तर पुढे तिकीट, व्हिसा, विमा आणि स्पर्धेचं निमंत्रणपत्र या सगळ्यांवर तसंच आलं पाहिजे. संघाची नोंदणी करणारा सहसा घाईत टोपणनाव टाकतो. मग निमंत्रणपत्रावर "सोनू" येतं आणि ते पत्र परत मागवावं लागतं.

गावचा पत्ता दिलात तर पोलीस पडताळणीच्या वेळी गावी असायला हवं. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचं घोडं इथेच अडतं. पडताळणी सुट्टीत येईल अशा बेताने अर्ज करा आणि घरच्यांना सांगून ठेवा. पासपोर्ट हातात आला की मुदत वहीत लिहा. प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक असलेला पासपोर्टच चालेल असं धरून चाला, कारण बरेच देश तेवढी मुदत मागतात.

कुठे जायचं

वर्ल्ड्स १९८१ मध्ये ग्लासगोला सुरू झाली, दरवर्षी, सहसा नाताळनंतर, भरते आणि नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात संपते. २०१४ ला चेन्नईत झाली होती. पद्धत ब्रिटिश पार्लमेंटरी: एका खोलीत दोन-दोन जणांचे चार संघ, विषय मिळाल्यावर १५ मिनिटं तयारी, प्रत्येकाला ७ मिनिटं. दुसरी मोठी स्पर्धा यूएडीसी (युनायटेड एशियन डिबेटिंग चॅम्पियनशिप), आशियाई संघांची. २०१० पासून ती या नावाने होते. तिथे संघ तिघांचा, तयारीला अर्धा तास, आणि शेवटी ४ मिनिटांचं उत्तराचं भाषण.

माझं मत सरळ आहे. पहिला दौरा आशियातच करा. तिकीट स्वस्त, वेळेचा फरक थोडा, व्हिसा सोपा. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली, फक्त पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनपत्र भरायचं. व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर पुन्हा वाचा. सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका, माझ्याही नको.

आणि परीक्षक विसरू नका. बहुतेक स्पर्धांत संघांच्या संख्येच्या हिशेबाने परीक्षक सोबत आणावे लागतात, नेमके किती ते त्या वर्षीच्या नियमात असतं. नवे क्लब दोन वक्त्यांचे पैसे जमवतात आणि तिसऱ्या माणसाची आठवण सप्टेंबरात होते. वक्ते निवडता त्याच दिवशी परीक्षकही निवडा. क्लबमधला सगळ्यात शांत, नीट टिपणं घेणारा मुलगा किंवा मुलगी बहुधा उत्तम परीक्षक असते. चाचणीत चौथा आलेला म्हणून त्याला ते काम देऊ नका. परीक्षकांचीही वेगळी क्रमवारी लागते, बाद फेऱ्यांसाठी त्यांचीही निवड होते.

नोंदणीच्या अर्जात भाषेचा दर्जा विचारतात. इंग्रजी ज्यांची दुसरी किंवा परकी भाषा आहे त्यांच्यासाठी वर्ल्ड्समध्ये वेगळ्या बाद फेऱ्या असतात. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हा अर्ज संकोचाने रिकामा सोडू नये. तो तुमचा हक्क आहे, आणि खुल्या गटाची दारंही बंद होत नाहीत. उच्चारांची भीती वाटत असेल तर हे लक्षात असू द्या: २०२२ च्या बेलग्रेड वर्ल्ड्सचं विजेतेपद ढाक्याच्या ब्रॅक विद्यापीठाने घेतलं आणि त्यानंतरच्या माद्रिदचं मनिलाच्या आतेनेओने.

पैसे

कॉलेजकडून पैसे मिळतात, पण उशिरा आणि बिलांवर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्या. अर्जाला स्पर्धेचं निमंत्रण, अंदाजपत्रक आणि प्राध्यापकांची शिफारस जोडा. अंदाजपत्रकात नोंदणी, विमान, व्हिसा, विमा, मुंबईपर्यंतचा प्रवास आणि तिथला दिवसाचा खर्च असे वेगळे रकाने करा, आणि रुपया घसरेल हे धरून एकूण रकमेवर दहा टक्के वाढवा. लेखा विभागातल्या भाऊसाहेबांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ताई, उचल मागा. नंतर देऊ म्हटलेले पैसे मार्चनंतरच हातात येतात." त्यांचं ऐकलं म्हणून पुढच्या वर्षीच्या व्हिएतनाम वर्ल्ड्सचं तिकीट वेळेत निघालं. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाकडे वेगळा अर्ज करा. दोन्हीकडे एकच बिल लावू नका.

बाहेरून मदत मागताना पत्र मराठीत लिहा. माझ्या जोडीदाराने (सांगोल्याचा तोच मुलगा, पुढच्या वर्षी आम्ही एकत्र गेलो) गावच्या पतसंस्थेला आधी इंग्रजी पत्र दिलं होतं. अध्यक्षांनी ते वाचून बाजूला ठेवलं. मग त्याने एका पानात मराठीत लिहिलं: चार संघ, पंधरा मिनिटं, नऊ फेऱ्या, आणि आपल्या तालुक्यातून आजवर कुणी गेलेलं नाही. संचालकांच्या बैठकीत त्यांनी त्याला पाच मिनिटं बोलायला लावलं आणि धनादेश दिला. परत आल्यावर तो तिथे जाऊन हिशेब वाचून आला. हे करायलाच हवं, आपण मागितलेले पैसे लोकांच्या ठेवींतून आलेले असतात.

नोंदणीची रक्कम परदेशी बँकेत पाठवताना एक खाचखळगा आहे. मधली बँक आपलं शुल्क त्याच रकमेतून कापते, आणि आयोजकांकडे थोडे कमी पैसे पोहोचतात. जागा तेवढ्यावरून अडून राहते. बँकेत फॉर्म भरताना सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडून घ्या, असा पर्याय निवडा. बँकेला पॅन आणि आयोजकांचं बिल लागतं, म्हणून संघाच्या नावाचं बिल आधीच मागवून ठेवा.

व्हिसा

माद्रिदच्या वेळी आम्ही चुकलो ते इथे. शेंगेनचा (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. आम्ही "पंधरा दिवस" एवढंच वाचलं. निर्णयाला एरवी पंधरा दिवस लागतात, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि त्याआधी भेटीची वेळ मिळायला हवी. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही अर्ज केले. आम्हा दोघांचे पासपोर्ट निघायच्या तीन दिवस आधी आले, आमच्या परीक्षक मुलीचा आलाच नाही. ती तिकीट रद्द करून घरी बसली, आणि आयोजकांना आम्हाला दुसऱ्या परीक्षकाची फी द्यावी लागली. दोष आमचाच होता. सप्टेंबरात अर्ज करायला हवा होता.

शेंगेनसाठी कॉलेजचं बोनाफाईड, परीक्षा बुडत नसल्याचं किंवा रजा मंजूर असल्याचं ना-हरकत पत्र, निमंत्रणपत्र, राहण्याचा आणि तिकिटाचा पुरावा, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा आणि पैशांचा पुरावा लागतो. बोनाफाईडवर सही आणि गोल शिक्का दोन्ही आहेत का ते खिडकीपासून हलण्याआधी बघा. जून २०२४ पासून मोठ्या माणसाची व्हिसा फी ९० युरो आहे.

पैशांच्या पुराव्यात शेतकऱ्यांची मुलं अडकतात. वडिलांचं आयकर विवरणपत्र नसतं, खात्यात रक्कम ऊसबिलाच्या वेळी येते आणि जूनपर्यंत संपते. माझ्या वडिलांचं तसंच होतं. आम्ही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि कारखान्याच्या बिलाच्या नोंदी असलेलं पासबुक, प्रत्येकाच्या इंग्रजी भाषांतरासह जोडलं. सगळ्यात वर कॉलेजचं पत्र ठेवलं, की या विद्यार्थिनीचा प्रवास, निवास आणि विमा कॉलेज देत आहे. खर्च कोण करणार हे पहिल्याच कागदावर स्पष्ट दिसलं पाहिजे. व्हिसासाठी खात्यात उसने पैसे आणून टाकू नका. अचानक आलेली मोठी रक्कम लगेच दिसते आणि तिचं उत्तर तुमच्याकडे नसतं.

त्या मानाने हो चि मिन्ह सिटी सोपं गेलं. ऑगस्ट २०२३ पासून व्हिएतनाम नव्वद दिवसांपर्यंतचा ई-व्हिसा देतं, एका प्रवेशाला २५ डॉलर. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा आणि चेहऱ्याचा स्वच्छ फोटो चढवायचा, प्रवेशाची तारीख आणि विमानतळ निवडायचा. पण इथे एका अक्षराची चूक झाली तर नवा अर्ज आणि नवे पैसे. दोघांनी बसा, एकाने पासपोर्ट मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून ताडावं. सरकारी संकेतस्थळासारखीच दिसणारी खासगी दुकानं बरीच आहेत आणि ती दुप्पट पैसे घेतात, पत्ता नीट बघा.

सामान आणि जेवण

शाकाहारी असाल तर माद्रिदमध्ये त्रास होतो. तिथल्या बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं. मी सकाळी टोमॅटो चोळलेला पाव खायचे आणि रात्री खोलीत आईच्या दशम्या. व्हिएतनामबद्दल सगळ्यांनी घाबरवलं होतं, पण तिथे उलट अनुभव आला. "चाय" हा एक शब्द पाठ करा. त्याचा चहाशी संबंध नाही, तो शाकाहारासाठीचा शब्द आहे. बौद्ध लोक पौर्णिमा-अमावास्येला शाकाहार करतात, त्यामुळे पाटीवर चाय लिहिलेली छोटी खाणावळ गल्लीत सापडते. एरवीच्या भाजीत मात्र माशाचं सॉस असू शकतं, विचारूनच घ्या. आम्ही साधा भात घ्यायचो आणि त्यावर मेतकूट आणि तूप. नऊ फेऱ्यांच्या दिवसांत पोटाला ते जितकं मानवलं तितकं दुसरं काही नाही. शेंगदाण्याची चटणी, भडंग, मेतकूट मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरवरचं तूप किंवा लोणच्याचं तेल अडवतात. ज्येष्ठमधाच्या काड्या खिशात असू द्या, तिसऱ्या फेरीपर्यंत घसा बसतो.

कपडे इस्त्रीचे लागत नाहीत. बूट चालायचे घ्या.

तिथे पोहोचल्यावर

शक्य असेल तर दोन दिवस आधी पोहोचा. माद्रिद हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. तिथे संध्याकाळी सहाला फेरी असली की शरीराच्या घड्याळात साडेदहा वाजलेले असतात. निघण्याच्या आठवडाभर आधी आम्ही सराव रात्री साडेनऊला ठेवायला हवा होता, ते व्हिएतनामच्या वेळी समजलं, पण तिथे दीडच तासाचा फरक होता. पनामासारख्या साडेदहा तास मागे असलेल्या ठिकाणी जाणाऱ्यांनी हे फार मनावर घ्यावं.

तीन दिवसांत नऊ फेऱ्या, दिवसाला तीन. खोलीत पहिल्या येणाऱ्या संघाला ३ गुण, मग २, १, ०. गुण सारखे असलेल्यांची गाठ पडत जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी आपटलात तरी दुसऱ्या दिवशी समोरचे आपल्याच ताकदीचे असतात. सहाव्या फेरीपर्यंत निकाल लगेच कळतो आणि परीक्षक कारणं सांगतात. शेवटच्या तीन फेऱ्या बंद असतात, गुण कळत नाहीत. त्या तीन फेऱ्यांत जोडीदाराशी "आपण कितवे आलो असू" हे बोलायचं नाही असा आम्ही करार केला होता, आणि तो पाळला.

सकाळच्या हजेरीला दोघंही वेळेत हजर राहा, नाहीतर तुमच्या जागी राखीव संघ बसतो. विषय मोठ्या सभागृहात जाहीर होतो आणि तुमची खोली दुसऱ्या इमारतीत असते. चालण्यात तीन मिनिटं गेली तर तयारीला बाराच उरतात. आदल्या संध्याकाळी इमारती पायी फिरून बघा. चालता चालता बोलायची सवय इथल्या जिन्यांवर करून जा.

माझं सगळ्यात मोठं शिक्षण उदाहरणांबाबत झालं. शेतीवरच्या एका विषयात मी सांगलीकडच्या साखर कारखान्यांचं उदाहरण दिलं. एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान भाव), सहकार, गाळप, भराभर सगळं सांगितलं. मला ते पक्कं माहीत होतं. आम्ही चौथे आलो. परीक्षक बाई म्हणाल्या की शेतकरी कारखाना का बदलत नाही हे मला समजलंच नाही. त्या रात्री जोडीदाराने ते एका वाक्यात बसवलं: ऊस तोडला की त्यातली साखर तासागणिक उतरते, म्हणून तो जवळच्याच कारखान्याला द्यावा लागतो, आणि म्हणून भावाच्या बाबतीत कारखान्याचं पारडं जड राहतं. पुढे दोनदा तो मुद्दा आम्ही वापरला आणि दोन्ही वेळा तो परीक्षकांच्या टिपणात होता. आपल्या मातीतली उदाहरणं न्याच, ती दुसऱ्या कुणाकडे नसतात. पण नावं आणि आद्याक्षरं घरी ठेवून कार्यकारण घेऊन जा. अशी पाच-सहा उदाहरणं आधीच एकेका वाक्यात लिहून ठेवा: पाणीवाटप, आरक्षण, स्थलांतरित ऊसतोड कामगार, मुंबईतल्या झोपडपट्ट्यांचं पुनर्वसन.

परीक्षकांबद्दलच्या अभिप्रायाचा अर्ज स्पर्धेच्या वैयक्तिक दुव्यावर भरायचा असतो, तो दर फेरीनंतर लगेच भरा. समोरच्या वक्त्याच्या उच्चारांवर, कपड्यांवर, देशावर काही बोलू नका. तुमच्याशी कुणी तसं वागलं तर इक्विटी अधिकाऱ्यांकडे जा, ते त्यासाठीच नेमलेले असतात. आमच्या मुली हे सहन करून गप्प बसायच्या, म्हणून लिहिते.

३१ डिसेंबरच्या रात्री बाद फेरीची यादी वाचतात. खुल्या गटात ४८ संघ पुढे जातात. माद्रिदला आमचं नाव आलं नाही. स्पेनमध्ये बाराच्या बारा ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं खातात, तीही मी खाल्ली, आणि मग सांगोल्याला फोन लावला. तिथे पहाटेचे साडेचार वाजले होते, तो जागाच होता. पहिल्या दोन दिवसांतल्या सगळ्या अभिप्रायांची टिपणं मी त्याला वाचून दाखवली. यादीत नाव नसलं तरी परत फिरू नका, बाद फेऱ्या बसून बघा. अंतिम फेरीतली आठ भाषणं टिपून आणलीत की वर्षभराच्या सरावाचं साहित्य होतं.

परतल्यावर

बोर्डिंग पास फेकू नका. कॉलेजला तिकिटाच्या बिलासोबत तेच लागतात, आणि मोबाइलमधला पास प्रवासानंतर नाहीसा होतो, म्हणून स्क्रीनशॉट घ्या. चलन बदलल्याची पावती, व्हिसा फीची पावती, विम्याची पॉलिसी, नोंदणीचं बिल, सगळं एका लिफाफ्यात. आठवड्याच्या आत उपयोगिता प्रमाणपत्रासह हिशेब द्या, उरलेली उचल परत भरा आणि पोच घ्या. आमच्या भाऊसाहेबांनी दुसऱ्या वर्षी उचलीची नोटशीट दोन दिवसांत वर पाठवली, कारण पहिल्या वर्षीचा हिशेब नवव्या दिवशी त्यांच्या टेबलावर होता.

मग वही पुढच्या खजिनदाराला द्या. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर क्लबमधल्या सगळ्यांची नावं, पासपोर्ट आहे की नाही आणि त्याची मुदत एवढंच आहे. मी ती दिली तेव्हा एकतीस नावं होती आणि सत्तावीस जणांपुढे मुदत लिहिलेली होती. उरलेल्या चौघांची पडताळणी बाकी होती, त्यांच्या गावांची नावं मी पेन्सिलीने समासात लिहून ठेवली.